पांढऱ्याला पांढरा, तांबड्याला तांबडा

दौंड,
रविवार, ता. १९ फेब्रुवारी १९६७, सकाळी

प्रिय राहेलअक्का,

धाकट्या पीटरचा येशूच्या नावात सलाम. बाबांना सलाम, आईला सलाम, मिशन कंपाउंडातल्या चिंचेलासुद्धा सलाम.

उत्तर लांबवलं, कबूल. तुझी तीन पत्रं माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत. नाताळचं एक, जानेवारीतलं एक, आणि ते कार्ड, ज्यावर पत्ता सोडून फक्त तीन शब्द होते, ‘जिवंत आहेस का?’ अक्का, आहे. जिवंत आहे आणि इतका जिवंत आहे की तुला काय सांगू! दोनदा उत्तर लिहायला बसलो होतो. पहिल्यांदा एक गोरखपूरचा माणूस पोपट विकायला आला आणि पोपटाला मराठी येतं का हे बघण्यात दुपार गेली. (येत नव्हतं. शिव्या येत होत्या.) दुसऱ्यांदा अर्धं पत्र लिहिलं आणि त्याच कागदात, जिथं जेवतो त्या रतनबाईंनी लसूण बांधला.

पण आज लिहिणारच. कारण आज सांगण्यासारखं आहे. अक्का, मी टेलिव्हिजन बघितला!

दिल्लीत आहे म्हणतात ना, तोच. रेडिओच्या पेटीला काच लावलेली आणि काचेत माणूस. सिनेमासारखं आधी काढून ठेवलेलं नव्हे. आत्ता इथं बैल शेपटी हलवतो आणि त्याच घटकेला तिकडं तंबूत काचेतला बैल शेपटी हलवतो. दौंडला शेतकी प्रदर्शन भरलं आहे, तीन दिवसांचं, आज शेवटचा. पुण्याहून खांबेटे साहेब नावाचे एंजिनिअर एक कॅमेरा आणि दोन टेलिव्हिजन घेऊन आले आहेत. हवेतून नाही हं, तारेतून. बैलांच्या रिंगणात कॅमेरा, तंबूत टेलिव्हिजन आणि मध्ये जाड काळी तार.

परवा तर मी स्वतःला बघितलं त्यात! केस मागं फिरवले, सलाम ठोकला, जीभ काढली. आणि मग गप्प उभा राहिलो, तर अक्का, खरं सांगतो, काचेत बाबा उभे होते. तेच नाक, तीच खाली झुकलेली डावी भुवई. चिडून बोलायच्या आधी उभे राहतात ना, तसे. मला वाटलं आता म्हणतील, ‘पीटर, इकडे ये.’

प्रदर्शनात टेलिव्हिजन येणार हे कळल्यापासून, गेले दोन महिने, मी इथं रोज एकच गाणं लावलं होतं, बाबांना हे दाखवायला पाहिजे. बाबांना शाळेत भूगोल शिकवताना भिंतीवर गंगा काढावी लागते. इथं गंगा काचेत आणता येईल. मिस्त्री म्हणायचे, “आरं मग लिव्ह की त्यास्नी. हाताला काय लकवा भरलाय?”

मिस्त्री म्हणजे हौशीराम मिस्त्री. ज्यांच्या पत्त्यावर तू मला लिहितेस ते. नाताळच्या कार्डात फक्त पत्ता दिला होता, माणूस सांगायचा राहिला. भोंग्यांचं दुकान आहे त्यांचं, स्टेशनाच्या वाटेवर. लग्न, कुस्त्या, जत्रा, सभा, दौंड तालुक्यात कुठंही भोंगा वाजला तर मिस्त्रींचा. इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. मी वडगाव रासाईला एका मळ्यात वांगी तोडत होतो, तिथं ते लग्नाचा भोंगा लावायला आले आणि मी नारळावर चढून त्यांचा भोंगा सरळ केला. म्हणाले, “माकडा, चल माझ्यासंगं.” तेव्हापासून त्यांच्याकडं आहे. रतनबाई, म्हणजे त्यांची मंडळी, मला वाढतात. रविवारी म्हणतात, “आज तुमच्या देवाचा वार हाय, आंघूळ कर.”

त्यांच्या दुकानाची एक रीत सांगतो. मिस्त्री प्रत्येक तारेच्या टोकाला सुताचा दोरा बांधतात. एका जातीला एक रंग. पांढऱ्याला पांढरा, तांबड्याला तांबडा, हिरव्याला हिरवा. कोणीही येऊन जोडलं तरी चूक होऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच शिकवलं, “दोरा बगायचा, मग हात लावायचा.”

तर गुरुवारी, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काय झालं, ऐक. कमिटीचे अध्यक्ष सोपानराव आले आणि म्हणाले, तंबू लांब हलवा, पाहुण्यांना शेणाचा वास येतो. बैलांच्या प्रदर्शनात शेणाचा वास! हलवला तंबू. साहेबांची तार तीनशे फूट, ती आता शंभर फूट कमी पडू लागली. शंभर फुटांचा तुकडा त्यांच्या गाडीत होता, पण मध्ये जोड द्यायला कनेक्टर नव्हते. कनेक्टर म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची पितळी टोपी, आत मध्यावर एक पिन. एकाची पिन दुसऱ्याच्या भोकात जाते आणि वरून आटे फिरवायचे.

मिस्त्रींनी त्यांचा बिस्किटांचा डबा उघडला. त्यात लढाईनंतर मिलिटरीनं काढून टाकलेली एक जोडी होती, पुण्याच्या जुन्या बाजारातली. साहेबांच्या कनेक्टरवर ७५ लिहिलेलं, ह्यांच्यावर ५०. ओहम म्हणतात त्याला.

झालं, तिथंच जुंपली. मिस्त्री म्हणाले, “सायेब, आकडा येगळा हाय. भोंग्याला येगळा आकडा लावला की मशीन जळतंय. म्या जाळलंय एकदा, म्हून सांगतो.”

साहेब हसले. चष्मा पुसत म्हणाले, “मिस्त्री, तुमचं भोंग्याचं बरोबर आहे. अख्खी तार वेगळ्या आकड्याची असती तर मीही घाबरलो असतो. चित्राची लाट वाटेत अडखळून मागं फिरते आणि पडद्यावर माणसाशेजारी त्याची सावली उभी राहते. पण ही लाट कमीत कमी सव्वाशे फूट लांब, आणि तुमचा जोड दोन बोटं. एवढ्यानं तिला काही कळत नाही.”

“मंग आकडा काय शोभंला लिवलाय?”

“चित्राला आकडे वाचता येत नाहीत, मिस्त्री.”

“चित्राला येत नसत्याल. पिनीला येत्यात,” मिस्त्री म्हणाले. आणि दोन्ही कनेक्टर साहेबांच्या हातात ठेवले. “ही बगा. पन्नासची पिन जाड, दाभणावानी. पंच्याहत्तरची बारीक, सुईवानी. ह्यातली त्यात घालायची न्हाई.”

साहेबांनी बोटानं चाचपून बघितलं आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “हे मात्र शंभर टक्के खरं. जाडाची जोडी जाडाशी.”

मग तसंच केलं. मधल्या जोडाला दोन्ही ५०चे, कॅमेऱ्याला आणि टेलिव्हिजनला ७५चे. मिस्त्रींनी लगेच दोरे बांधले, ७५ला पांढरा, ५०ला तांबडा. आणि चित्र? काचेसारखं! सावली नाही, काही नाही. बैलाच्या पाठीवरची माशीसुद्धा दिसली. साहेब मिस्त्रींना म्हणाले, “बघा, कळलं का लाटेला?” मिस्त्री म्हणाले, “आन् पिनीला कळलं का?” दोघांनी एकमेकांना विडी दिली. इतका आनंद झाला होता मला, अक्का, की मी त्या रात्री जेवलोच नाही. दोघंही बरोबर! असं कधी बघितलंय का तू? आपल्याकडं भांडणात एकजण नेहमी चूकच असतो.

आता शुक्रवारचं. शुक्रवारी उद्घाटन झालं. पाहुणे आले. बक्षिसाची बैलजोडी न्हावऱ्याची होती, काय जनावरं! एकेकाचं वशिंड आपल्या चर्चच्या घंटेएवढं. शिंगांना पितळी शेंब्या, आणि मालक सांगत होता की बैलाला ऊस आवडतो पण कांदा आवडत नाही, त्याच्या आधीच्या बैलाला मात्र

हे काय लिहितोय मी. अक्का, मी तुला बैलाबद्दल सांगत बसलोय.

मी स्वतःला काचेत बघितलं असं वर लिहिलं ना. कसं बघितलं ते लिहिलं नाही. कॅमेरा रिंगणात, टेलिव्हिजन चारशे फुटांवर. एक माणूस दोन्हीकडं कसा असेल? तू हुशार आहेस, तुझ्या हे लक्षात आलंच असेल.

शुक्रवारी पहाटे उजाडता उजाडता मी एकटाच मैदानात गेलो. मला स्वतःला बघायचं होतं. एकदाच. कॅमेरा उचलून तंबूत आणला, खोक्यावर ठेवला. शंभर फुटी तुकडा मधल्या जोडातून सोडवला. त्याच्या एका टोकाला पांढरा दोरा, तो टेलिव्हिजनला आधीच लागला होता. दुसऱ्या टोकाला तांबडा. कॅमेऱ्याचं भोक पांढऱ्याचं. मी बघितलं. दोरा बघितला, अक्का. मग तो सोडून काढला, म्हणजे दिसायला नको, आणि पिन नेट लावून आत घातली. जरा कुरकुरली. गेली. चित्र आलं! सलाम ठोकला, जीभ काढली, बाबा दिसले.

मग सगळं जिथल्या तिथं केलं. कोणाला कळलं नाही. फक्त तांबडा दोरा परत बांधायचा राहिला. तो माझ्याच बोटाला गुंडाळलेला होता, चाळा म्हणून, माझ्या लक्षातही नाही.

दहा वाजता पाहुणे तंबूत बसले. रिंगणात न्हावऱ्याची जोडी आली, त्यातल्या एकानं पाय आपटला आणि चित्र गेलं. आलं. परत पाय आपटला, परत गेलं. काचेत नुसती मुंग्यांची रांग. लोक आधी हसले, मग शिट्ट्या. साहेब पळत इकडून तिकडं. काय झालंय ते त्यांनाही सापडेना. मला तेव्हाच कळलं. जाड पिनीनं भोक फाकलं होतं. आता त्यात पांढऱ्याची सुई सैल पडत होती, जमीन हलली की सुटत होती.

सोपानराव मधल्या जोडाशी आले. जुनं पितळ, त्यावर ५०, आणि दोरा नाही. साहेब रिंगणात होते. सोपानरावांनी मिस्त्रींना विचारलं, “काय हो, हे कुठलं?”

मिस्त्रींनी त्या टोकाकडं बघितलं. दोरा बांधला होता तिथं हात फिरवला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही. बोटाकडं.

म्हणाले, “माझाच माल हाय. जुना.”

आणि अक्का, सोपानरावांनी माइक घेतला, मिस्त्रींचाच माइक, आणि साऱ्या मैदानाला सांगितलं की जुन्या बाजारातला भंगार माल लावल्यामुळं कार्यक्रमाचा विचका झाला आहे, संबंधितांना मैदानाबाहेर काढण्यात येत आहे. मिस्त्रींच्याच चार भोंग्यांमधून. वीस वर्षं ज्या माणसानं सगळ्यांचे आवाज मोठे केले, त्याला त्याच भोंग्यातून! मिस्त्रींनी भाषण पूर्ण होऊ दिलं. मध्ये बटण बंद केलं नाही. संपल्यावर सोपानरावांच्या हातातून माइक घेतला, पुसला, आणि मला म्हणाले, “पीटर, भोंगे राहू देत. लोकांची जत्रा हाय.” आणि गेले.

मी तिथंच उभा होतो. दोरा असलेलं बोट मुठीत दडवून.

दोन दिवस झाले. काल सकाळी ते पिशवी घेऊन घरातून बाहेर पडले ते अजून परत नाहीत. रतनबाईंना काही सांगितलं नाही. म्हणाल्या, “असं कवा न्हाई क्येलं त्यांनी. डोळं तांबडं होतं.” आणि मला भाकरी वाढली. ती भाकरी कशी गिळली ते मला ठाऊक.

आता खरं सांगतो. हे पत्र मी दुकानात बसून लिहितोय आणि माझी पत्र्याची पेटी बांधून शेजारी ठेवलेली आहे. दुकानाला मागून दार आहे. तिथून स्टेशन चार मिनिटं. मनमाडकडं जायचं का सोलापूरकडं, एवढंच ठरवायचं होतं. हे पत्र सोलापूरहून टाकणार होतो.

पण तुझं ते वाक्य पेटीतल्या पत्रांबरोबर फिरतंय. मॅट्रिक नापास होऊन पास झालो म्हणून सांगितलं, बाबांनी कंपाउंडभर पेढे वाटले, आणि निकालाचा कागद यायच्या आत मी पळालो. बाबा एकटे घरोघर जाऊन सांगून आले की पेढे चुकून वाटले गेले. त्यावर तू नाताळच्या पत्रात लिहिलं होतंस, ‘मोडतं सगळ्यांच्याच हातून. तू मोडून पळतोस.’

थांब जरा. जाऊन येतो.


तोच रविवार, दुपारी सव्वातीन

गेलो होतो. स्टेशनावर नाही, मैदानावर.

साहेब तंबूत एकटेच बसले होते, समोर कागद आणि त्यावर नुसते आकडे. दाढी वाढलेली. मी दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, उभ्यानं. पहाटेपासून दोऱ्यापर्यंत. डोळे मिटले आणि मार खायला तयार झालो.

डोळे उघडले तर साहेब हसतायत!

“अरे गाढवा,” म्हणाले, “दोन दिवस मी जेवलो नाही. पुस्तक म्हणतं पन्नासच्या जोडानं काही होत नाही. मी मिस्त्रींना छातीठोक सांगितलं, काही होत नाही. आणि डोळ्यांसमोर होतंय! मला वाटलं मी पंधरा वर्षं चुकीचं शिकलो.” उठले, मला घेऊन रिंगणात गेले आणि कॅमेऱ्याच्या भोकात काडीएवढा दिवा धरला. “हं. फाकलंय. जाड पिन घातली तर दुसरं काय होणार? तुझ्या मिस्त्रींनी गुरुवारीच सांगितलं होतं. मी शंभर टक्के म्हणालो आणि इथं बघायचं मात्र विसरलो.”

मग चिमटा घेतला, बारीक, घड्याळजी वापरतात तसला, आणि भोकातल्या पितळी पाकळ्या एक एक करून आत दाबल्या. फुलाला परत कळी करावी तसं. पांढऱ्या दोऱ्याची सुई घातली. मला म्हणाले, “मी तंबूत काचेपुढं बसतो. तू इथं नाच.” मी नाचलो. कॅमेऱ्यापुढं, जीव खाऊन, पाय आपटून. बैलवाले हसायला लागले, एकानं हलगी घेतली. साहेब तंबूतून परत आले आणि म्हणाले, चित्र हललं नाही. अक्का, मधला तो जोड तसाच होता, मिस्त्रींचा, जुन्या बाजारातला, पन्नासचा! त्याला हातसुद्धा लावला नाही आणि चित्र कसं, तर ठाम!

पण मग साहेबांचा चेहरा बदलला. “मिस्त्री कुठं आहेत?”

सांगितलं, माहीत नाही.

“पाच वाजता बक्षीस समारंभ. त्यांच्याच माइकवरून मी सांगणार, जोड त्यांचा बरोबर होता आणि आमच्या कॅमेऱ्याचं भोक फाकलं होतं. तुझं नाव घेणार नाही. ते तू घ्यायचंस. आधी त्यांच्यापुढं आणि मग, धीर झाला तर, माइकवर.”

सोपानरावांपुढं मला काही वाटणार नाही. पण मिस्त्रींपुढं? साहेबांना सांगणं सोपं होतं, अक्का, ते उद्या पुण्याला जातील. मिस्त्रींना तर माहीतच आहे. ज्याला माहीत आहे त्याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? परत दुकानात येऊन बसलोय. आले तर कुठून येतील म्हणून रस्त्याकडं तोंड करून लिहितोय, त्यामुळं ओळी वाकड्या. तांबडा दोरा बोटाला आहे. आता मुद्दाम ठेवलाय.

आले नाहीत तर पाच वाजता मी एकटा माइकवर जाणार. हे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

न्हावऱ्याकडून येणारी एस.टी. आली वाटतं. धूळ उठली आहे. उतरणारे सगळे प्रदर्शनाचे लोक, बायकांच्या डोक्यांवर

अक्का!

अक्का, मिस्त्री आहेत. एस.टी.तून उतरले. आणि त्यांच्यामागं काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं, बगलेत छत्री. बाबा! रविवारी! संडे स्कूल सोडून! मिस्त्रींनी त्यांची पिशवी घेतली आहे आणि पिशवीतून पितळी कडीचा तुझा डबा वर आलाय. म्हणजे तुला कालपासून सगळं ठाऊक आहे आणि मी इथं पानंच्या पानं लिहीत बसलोय! तुझ्या कार्डावरचा पत्ता घेऊन गेले असणार. मैदानातून काढलेला माणूस शिरूरला माझ्या बापाला आणायला गेला, अक्का. मी दोन महिने बडबडत होतो म्हणून.

रस्त्याच्या मध्यावर थांबलेत. मिस्त्री दुकानाकडं बोट दाखवतायत, आवाज इथवर येतोय, “गुरुजी, त्ये बगा आमचं दुकान. आन् आत बसलाय त्यो तुमचा माल.” बाबा हसले नाहीत. पण डावी भुवई वर गेली. दोघं इकडं येतायत. आधी मिस्त्रींना सांगणार, मग बाबांना. नाही, दोघांना एकदमच.

दुकानाच्या मागच्या दाराला मी आतून कडी घातली आहे, आणि पेटी दारापुढं सरकवली आहे.

दुकानातच असलेला,
तुझा
पीटर